पडदा आणि अक्षर

जुन्या नाटक मंडळ्यांच्या सामानात रंगविलेल्या पडद्यांचा मान मोठा असे. राजवाडा, रस्ता आणि अरण्य असे पडदे जवळ असले की पौराणिक नाटकाची बहुतेक सोय होऊन जाई. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव ह्यांचा लौकिक प्रथम झाला तो अशा पडद्यांमुळे. बाबूरावांचा 'सैरंध्री' हा चित्रपट पुढे १९२० साली आला. परंतु ह्या पडद्यांविषयी एक गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगण्याची कोणास गरज वाटत नाही. पडदा कितीही देखणा असो, नटाचे भाषण त्यावर कोणी रंगवून ठेवीत नसे. भाषण नटाच्या मुखात असे. एखादे वाक्य जमले नाही तर दुसऱ्या प्रयोगाला ते बदलता येई, आणि पडदा मात्र तोच राही.

सरकारी कचेरीत बसून नाटकाच्या पडद्यांची आठवण होण्याचे कारण असे की, गेली काही वर्षे माझ्या नेहमीच्या कामाला एका नव्या कामाची जोड मिळाली आहे. कर्मचाऱ्यांना नियम शिकविण्यासाठी संगणकावर चालणारे पाठ तयार करावयाचे आणि नियम बदलले की त्या पाठांत दुरुस्त्या करावयाच्या, असे ते काम आहे. ऐकताना ते किरकोळ वाटेल. मलाही आरंभी तसेच वाटले होते.

जबलपूर हे शिकण्या-शिकविण्याचे जुने गाव आहे. दूरसंचाराचे प्रशिक्षण केंद्र येथे १९४२ साली सुरू झाले, आणि आज ती संस्था भारतरत्न भीमराव आंबेडकर ह्यांच्या नावाने चालते. फळा आणि खडू ह्यांच्या काळात चुकीचे अक्षर पडले तर मास्तर ते पुसून नवे लिहीत. फळा निराळा आणि अक्षर निराळे हे कोणाला शिकवावे लागत नसे. आमच्या गावाची दुसरी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती आणि त्या राज्यात हिंदी व मराठी दोन्ही राजभाषा होत्या. त्यामुळे येथे मराठी घरे पुष्कळ, आणि दोन्ही भाषांत सहज वावरणारी माणसेही पुष्कळ. आमचे पाठ मुळात हिंदीत तयार होत. विदर्भातील कार्यालयांसाठी त्यांचे मराठी रूप करण्याचे काम ह्याच कारणाने माझ्या वाट्याला आले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन कर्मयोगी'ला मान्यता दिल्यापासून असे पाठ नोकरीचा नेहमीचा भाग होऊन बसले आहेत, परंतु आमच्या कचेरीत त्यांचा प्रवेश त्यापूर्वीच झाला होता.

आकाशवाणीवरून स्लाइड दाखविता येत नाही, ही ह्या भाषणाची मोठी अडचण आहे. तेव्हा श्रोत्यांनी अशी कल्पना करावी की, आपल्यापुढे तीन काचा एकीवर एक ठेवलेल्या आहेत. सर्वांत खालच्या काचेवर सगळ्या पाठाला समान असलेला रंग, कार्यालयाचे चिन्ह आणि तळाची पट्टी आहे. तिला मास्टर स्लाइड म्हणतात. मधल्या काचेवर त्या एका स्लाइडची स्वतःची पार्श्वभूमी आहे, म्हणजे एखादे छायाचित्र किंवा रंग. सर्वांत वरच्या काचेवर मजकुराच्या चौकटी, बाण आणि बटणे सुटी सुटी मांडलेली आहेत. पाहणाऱ्याला तिन्ही काचा मिळून एकच चित्र दिसते. संगणकाला मात्र तसे दिसत नाही. वरच्या काचेवरील अक्षर त्याच्या दृष्टीने अक्षर असते: ते शोधता येते, बदलता येते, मोठे करता येते, मोठ्याने वाचून घेता येते. मधल्या काचेवर जे आहे ते केवळ रंगाचे ठिपके होत. त्या ठिपक्यांतून माणसाला 'वर्ष' हा शब्द दिसत असेल, पण संगणकाच्या लेखी तेथे शब्द नाहीच.

असे पाठ रचण्याची सॉफ्टवेअर अनेक आहेत. ॲडोबी कंपनीचे कॅप्टिव्हेट आहे, आर्टिक्युलेट कंपनीचे स्टोरीलाइन आहे. नावे आणि बटणांच्या जागा बदलतात, काचांची ही रचना बहुधा तीच असते. मास्टर स्लाइड आणि साधी स्लाइड ह्यांचे नाते सरकारी माणसाला लवकर समजते, कारण ते सर्वसाधारण आदेश आणि विशेष आदेश ह्यांच्या नात्यासारखे आहे. मास्टरवर रंग बदलला की पन्नास स्लाइडींचा रंग एकदम बदलतो. परंतु एखाद्या स्लाइडीला कोणी स्वतंत्र पार्श्वभूमी दिली असेल तर ती सर्वसाधारण आदेश मानीत नाही. 'मी मास्टर बदलला, पण सातवी स्लाइड जुनीच राहिली,' अशी तक्रार नवा माणूस घेऊन येतो, तेव्हा सातव्या स्लाइडीवर कोणी तरी विशेष आदेश काढून ठेवला आहे हे ओळखावे. त्या स्लाइडीच्या गुणधर्मांत जाऊन तिला पुन्हा मास्टरची पार्श्वभूमी घ्यावयास सांगितले की काम होते. मजकुराचेही तसेच आहे. प्रत्येक चौकटीतील अक्षराचा आकार हाताने बदलण्याऐवजी शीर्षकाची एक शैली आणि मजकुराची एक शैली ठरवून घ्यावी, आणि बदल करावयाचा तो शैलीत करावा.

कॅप्टिव्हेटच्या जुन्या पिढीची एक विशेष करामत अशी की, संगणकावर आपण एखादे काम करून दाखविले, म्हणजे बिल कसे भरावयाचे किंवा रजेचा अर्ज कसा पाठवावयाचा, तर प्रत्येक टप्प्यावर ते पडद्याचे चित्र टिपून घेते आणि त्याची एक एक स्लाइड बनविते. टिपलेले चित्र मधल्या काचेवर जाते. उद्या त्या बिलाच्या फॉर्मवरील एका रकान्याचे नाव बदलले तर चाळीस स्लाइडी जुन्या झाल्या. अशा वेळी त्या स्लाइडीची पार्श्वभूमी कॉपी करून चित्रे रंगविण्याच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये न्यावयाची, तेथे जुने नाव पुसून नवे घालावयाचे, आणि चित्राची लांबीरुंदी रेसभरही न बदलता ते परत आणून 'पार्श्वभूमी म्हणून चिकटवा' ह्या आज्ञेने त्याच जागी बसवावयाचे. एकच चित्र अनेक स्लाइडींखाली असेल तर प्रत्येक स्लाइडीवर जाण्याची गरज नसते. पाठाच्या संग्रहात पार्श्वभूमींची यादी असते, तेथे मूळ चित्र एकदा दुरुस्त केले की सगळीकडे पोहोचते. घाई असेल तर फॉर्मच्याच रंगाचे एक ठिगळ जुन्या नावावर ठेवून त्यावर नवे नाव लिहिणारेही आहेत. ठिगळ हा तात्पुरता उपाय आहे, पण निदान ते उचलता तरी येते.

खरा धोका आहे तो दुसऱ्या एका आज्ञेत. वरच्या काचेवरील कोणतीही वस्तू निवडून 'पार्श्वभूमीत मिसळा' असे म्हटले की ती खालच्या चित्रात विरघळून जाते. ह्या आज्ञेचा मोह पडण्यास कारणे आहेत. वीस वस्तूंची दाटी झालेल्या स्लाइडीवर एक हलवावयास जावे तर दुसरी हलते. मिसळून टाकले की सगळे कसे जागच्या जागी राहते. परंतु फाइल जतन करून बंद केली की ते मिसळलेले पुन्हा वेगळे होत नाही. दुधात विरघळलेली साखर काढून घेण्याचा तो प्रकार आहे.

आणि देवनागरी लिहिणाऱ्याला हा मोह इंग्रजीत लिहिणाऱ्यापेक्षा अधिक पडतो, हे मी अनुभवाने सांगतो. देवनागरी पडद्यावर उमटविणे म्हणजे अक्षरे ओळीने मांडणे नव्हे. 'कि' लिहिताना वेलांटी उच्चाराने मागून येते पण डोळ्यांना आधी दिसली पाहिजे. 'क' आणि 'ष' जुळून 'क्ष' झाला पाहिजे. ही जुळणी करण्याची तजवीज ज्या प्रोग्रॅममध्ये नसते तेथे जोडाक्षरे पाय मोडून पडतात. मराठीचे दुखणे त्याहून थोडे अधिक. आमच्या पाठांत पानोपानी येणारा शब्द म्हणजे 'कर्मचाऱ्यांना'. त्यातील 'र' चंद्रकोरीसारखा आडवा यावयास हवा. हिंदीत ह्या रूपाची गरज पडत नसल्यामुळे हिंदी टंकलेखकाच्या हातून तेथे रफार पडतो आणि 'कर्मचार्यांना' असे विचित्र रूप तयार होते. पाकळ्यांच्या मराठी 'ल'ऐवजी दंडाचा हिंदी 'ल' येतो तो निराळाच. शिवाय इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत देवनागरीची ओळ बसविली की वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. ओळींमधील अंतर वाढविल्याशिवाय गत्यंतर नसते.

ह्या सगळ्याला कंटाळून माणूस काय करतो? जेथे मराठी नीट उमटते अशा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये तो मजकूर लिहितो, त्याचे चित्र काढतो, आणि ते चित्र पार्श्वभूमी म्हणून चिकटवितो. अक्षरे सुंदर दिसतात, वेलांटी जागेवर, मात्रा शाबूत. मी नेमके हेच केले होते.

तो पाठ निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी होता. निवृत्तीनंतर कायमच्या वास्तव्यासाठी दुसऱ्या गावी जाताना सरकार प्रवासाचा आणि सामान नेण्याचा खर्च देते, आणि त्याशिवाय शेवटच्या मूळ वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत एकरकमी अनुदानही मिळते. नोकरदाराच्या घरी ही रक्कम लहान नव्हे. ह्या दाव्याची मुदत पूर्वी एक वर्षाची होती. १३ मार्च २०१८ च्या आदेशाने ती प्रवास संपल्यापासून ६० दिवसांवर आली. आदेश मिळताच मी पाठ उघडला, शोधण्याच्या खिडकीत 'एक वर्ष' हे शब्द घातले, तीन जागा सापडल्या, तिन्ही बदलल्या, पाठ पुन्हा प्रसिद्ध केला आणि फाइलीवर 'कार्यवाही पूर्ण' असा शेरा मारला. चौथी जागा शेवटच्या स्लाइडीवरील तक्त्यात होती. तक्ता मराठीत नीट उमटत नव्हता म्हणून मीच त्याचे चित्र करून पार्श्वभूमीत बसविलेले होते. संगणकाने माझ्याशी लबाडी केली असे म्हणता येणार नाही. त्याने अक्षरे शोधली. तेथे अक्षरे नव्हती.

आमच्याच शाखेतील एक वयोवृद्ध सहकारी २०१९ साली निवृत्त झाले. मूळचे वऱ्हाडातले, पण उभी नोकरी जबलपुरात झालेली. जुलैत त्यांनी बिऱ्हाड अमरावतीला हलविले. मध्यंतरी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि दाव्याचे कागद नोव्हेंबरच्या मध्यास आले. मुदत उलटल्याचा शेरा होऊन ते परत गेले. दूरध्वनीवर मी त्यांना म्हणालो, "काका, साठ दिवसांची मुदत आहे, तुम्हांला ठाऊक नव्हते काय?" ते शांतपणे म्हणाले, "साहेब, शेवटचा तक्ता मी वहीत उतरून घेतला होता. तुमच्याच पडद्यावर एक वर्ष लिहिले होते." मी पाठ उघडून शेवटच्या स्लाइडीपर्यंत गेलो. त्यांचे म्हणणे खरे होते. नियमाच्या दृष्टीने पाठातील चूक ही सबब होऊ शकत नाही, हेही खरेच.

त्यानंतर मी आमच्या सर्व मराठी पाठांची एक एक स्लाइड डोळ्यांनी तपासली. परीक्षा सोपी आहे. संशयित शब्दावर दोनदा टिचकी मारावी; लिहिण्याची रेघ लुकलुकू लागली तर तो मजकूर, आणि नुसतेच चित्र निवडले गेले तर समजावे की भाषण पडद्यावर रंगविलेले आहे. अशी तक्त्यांची पुष्कळ चित्रे काढून टाकून मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा लिहिला. येथे आणखी एक जुना रोग सापडला. आमच्याकडील हिंदी कचेऱ्यांत कृतिदेव नावाचा फॉन्ट फार चालत असे. त्यात 'क' म्हणून जे दिसते ते संगणकाच्या लेखी रोमन 'डी' असते. अक्षराला केवळ देवनागरीचे सोंग दिलेले. अशा मजकुरावर लिहिण्याची रेघ लुकलुकते, पण शोधले तर 'वर्ष' सापडत नाही. म्हणजे तो चित्राचा भाऊच झाला.

शोध घेणे ही एकच अडचण असती तरी एक वेळ चालले असते. आमच्या ओळखीत दुसऱ्या कार्यालयातील एक दृष्टिहीन सहायक आहेत. ते संगणकावर एनव्हीडीए नावाचा विनामूल्य स्क्रीन रीडर वापरतात. तो पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचतो, मराठीही वाचतो. आमचा तो तक्त्याचा पाठ मी त्यांना ऐकावयास दिला. शीर्षक वाचून झाल्यावर यंत्र 'पुढील' ह्या बटणावर गेले. मधला सगळा तक्ता त्यांच्यापुरता कोरी स्लाइड होता. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, संकेतस्थळे सर्वांना वाचता यावीत असे शासनाचे निर्देश आहेत, आणि आम्ही सरकारी माणसे सुंदर वेलांटीच्या हौसेने कोऱ्या स्लाइडी करीत होतो. चित्र ठेवणे अटळच असेल तर त्याला शब्दांत वर्णन जोडण्याची सोय ह्या प्रोग्रॅममध्ये असते. आमच्यापैकी कोणीही तो रकाना कधी भरला नव्हता.

आता पार्श्वभूमीच्या रंगाविषयी थोडेसे. आमच्याकडे एका होतकरू तरुणाने पाठाच्या प्रत्येक स्लाइडीमागे भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांचे छायाचित्र घातले आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत वित्तीय नियम लिहिले. भेडाघाटचा त्याला अभिमान होता, आणि तो योग्यच आहे. परंतु पांढऱ्या कड्यावरील पांढरा नियम कोण वाचणार? नर्मदेच्या पाण्यावर जेवढे शब्द आले होते तेवढेच वाचता येत. अक्षर आणि मागचा रंग ह्यांच्या तेजातील फरक मोजण्याचे एक प्रमाण जगभर मान्य झाले आहे. पांढऱ्यावर काळे लिहिले तर हे प्रमाण २१ ला १ असे येते. सामान्य आकाराच्या मजकुराला ते निदान साडेचारास १ असावे आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ तरी असावे, असा दंडक आहे. छायाचित्राचे तेज जागोजाग बदलते, म्हणून त्यावर मजकूर द्यावयाचाच असेल तर मध्ये एक गडद, अर्धपारदर्शक पट्टा घालावा. आम्ही कडे पहिल्या स्लाइडीवर ठेवले आणि पुढे फिकट पिवळसर रंगावर काळी अक्षरे घेतली. तरुण थोडा हिरमुसला. मास्टरवर रंग बदलल्यामुळे सगळे काम एका टिचकीत झाले, ह्याचे मात्र त्याला कौतुक वाटले.

मूळ फाइल जपून ठेवणे ह्यावर मी एरवी बोललो नसतो, पण २०२० च्या अखेरीस आमची तारांबळ उडाली ती आठवते. जुने पाठ फ्लॅशच्या आधाराने चालत. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला, १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालणेच बंद झाले, आणि प्रत्येक पाठ नव्या रूपात पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. ज्यांची मूळ फाइल होती ते पाठ थोड्या दिवसांत पार पडले. ज्यांची केवळ प्रसिद्ध प्रत उरली होती ते पहिल्या ओळीपासून पुन्हा रचावे लागले. २०२३ मध्ये कॅप्टिव्हेटची अगदी नवी घडण बाजारात आली, तेव्हा जुन्या घडणीतील फाइली तीत उघडत नव्हत्या. म्हणून आम्ही मूळ फाइलीबरोबर पाठाचा सगळा मजकूर साध्या युनिकोडमध्ये निराळा काढून ठेवतो.

१५ जून २०२१ रोजी निवृत्तीच्या प्रवासाच्या दाव्याची मुदत ६० दिवसांवरून १८० दिवसांची झाली; दौरा आणि बदली ह्यांची ६० दिवसांचीच राहिली. त्या दिवशी मी पाठ उघडला. शोध घेतला तेव्हा चार जागा सापडल्या, आणि चौथी शेवटच्या तक्त्यातील होती. तक्त्यात आता दोन ओळी कराव्या लागल्या, एक निवृत्तीची आणि एक इतरांची. चार-पाच मिनिटांत पाठ तयार झाला. संध्याकाळी अमरावतीला दूरध्वनी केला.

"आता किती दिवस केले, साहेब?" काकांनी विचारले.

"एकशेऐंशी, काका."

पलीकडे क्षणभर शांतता झाली. ते बोटांवर महिने मोजीत असावेत. "म्हणजे माझा कागद त्यात बसला असता," ते म्हणाले, आणि मग त्यांनी जबलपूरला पाऊस सुरू झाला का, ह्याची चौकशी केली.